पुनर्घटना झाली, पण कोणाच्या खर्चानें?

अर्थशास्त्र रूक्ष, म्हणून आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून त्याच्या वाटेस बहुधा कोणी जात नाहीं. परंतु रात्रीच्या जेवणानंतर चार मंडळी बैठकींत बसली कीं एक आर्थिक वाद मात्र हटकून निघतो. दुसऱ्या महायुद्धानंतर या देशानें आपल्या विस्कटलेल्या संसाराची जी नवी घडी बसविली, ती नीट बसविली कीं चुकीची, हा तो वाद होय. एक पक्ष म्हणतो, सरकारनें नियंत्रणें, परवाने आणि योजना यांच्या दोरखंडांनीं व्यापारउदीम जखडून टाकला. तसें केलें नसतें तर जर्मनीप्रमाणें आपणही दहा वर्षांत ताठ उभे राहिलों असतों. दुसरा पक्ष म्हणतो, धरणें, पोलाद आणि वीज यांची उभारणी सरकारनें अंगावर घेतली म्हणूनच हा देश तगला. व्यापाऱ्यांवर विसंबून राहिला असता तर बुडालाच असता. दोन्ही पक्षांचे वकील वाक्पटु आहेत, दोघांजवळ आंकडे आहेत, आणि दोघांचीही तळमळ खरी आहे.

आम्हांस या दोन्ही पक्षांशीं भांडावयाचें आहे. सरकार कीं बाजार हा या प्रकरणांतला दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, जो दोघेही टाळतात, तो हा कीं, पुनर्घटनेचा भार कोणीं उचलला, आणि तो त्याच्या डोक्यावर ठेवण्यापूर्वीं त्याला कोणी विचारलें होतें काय? युद्ध म्हणजे साऱ्या राष्ट्राच्या अंगावर झालेलें कर्ज. तें फेडावें लागतेंच. ज्या राष्ट्रांनीं तें कोणीं किती फेडावयाचें हें आधीं उघडपणें ठरविलें, त्यांची घडी बरी बसली. ज्यांनीं ठरविण्याचें टाळलें, त्यांच्या येथें तें कर्ज उताराच्या पाण्याप्रमाणें वाहत जाऊन सर्वांत खालच्या माणसाच्या अंगणांत सांचलें. आमच्या देशांत ही दुसरी गोष्ट घडली, असा आमचा आरोप आहे. आणि त्याचा पुरावा आम्ही नंदुरबार जिल्ह्यांतून देणार आहों.

नंदुरबारच कां, असें वाचक विचारतील. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि जेथें कच्चें शीत हाताला लागतें तेथूनच ती करावी. आज नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजीं तो धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. ज्या काळाविषयीं आम्ही बोलत आहों त्या काळीं हा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडत असे. मधून तापी वाहते. तिच्या कांठीं कापूस आणि दादर पिकविणारी काळी जमीन. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, आणि त्या ओलांडल्या कीं सरहद्दीवर नर्मदा. डोंगरांत पावरा आणि भिल्ल यांची वस्ती. सपाटीवरच्या शहादा-तळोद्याच्या शेतांत राबणारे हातही बहुतेक त्यांचेच. १९३५ च्या कायद्याखालीं नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर वगैरे मेवासी अधिपतींचीं गांवें हा 'अंशतः वगळलेला प्रदेश' ठरला होता. कोणताही कायदा गव्हर्नरनें मुद्दाम लावल्याखेरीज तेथें लागूच होत नसे. या प्रदेशांतील लोकांच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारनें नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ मध्यें निघाला. सावकाराचें कर्ज, त्या कर्जापोटीं हातची जाणारी जमीन, नाममात्र मोबदल्यावर करून घेतलेलें काम, आणि जंगलाच्या आश्रयानें जगणाऱ्यांस जंगलखात्याच्या नोकरांचा जांच, हें सारें त्यांत एका सनदी अधिकाऱ्याच्या थंड भाषेंत लिहिलेलें आहे. म्हणजे ज्या सालीं युद्ध पेटलें त्याच सालीं हा दस्तऐवज सरकारच्या टेबलावर होता. 'आम्हांस ठाऊक नव्हतें' ही सबब त्यानंतर कोणासही उरली नाहीं.

आतां युद्धाचा खर्च येथें कसा भागविण्यांत आला तें पाहूं. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानांत माल घेई, माणसें घेई, आणि त्याची किंमत लंडनमध्यें स्टर्लिंगच्या रूपानें जमा करी. त्या जमेच्या आधारावर येथें नोटा छापल्या जात. १९३९ मध्यें सुमारें १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनांत होत्या. युद्ध संपतां संपतां त्या ११०० कोटींच्या पलीकडे गेल्या. लंडनमधली शिल्लक १९४६ मध्यें सुमारें १७३३ कोटी रुपयांपर्यंत चढली. कर्जदार हिंदुस्थान सावकार झाला, याचा त्या वेळीं पुष्कळांस अभिमान वाटला. आणि १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेंत चिंतामणराव देशमुख प्रभृति प्रतिनिधींनीं त्या शिलकेच्या परतफेडीचा प्रश्न लावून धरला, हें उचितच झालें. पण ही शिल्लक जमविली कोणीं? नोट छापणें हा एक करच आहे. फरक इतकाच कीं या कराचें बिल कोणत्याही कायदेमंडळांत येत नाहीं, त्यावर भाषणें होत नाहींत, आणि ज्याची मिळकत भावाबरोबर वाढत नाहीं त्याच्याकडूनच तो वसूल होतो.

ही गोष्ट त्या वेळीं कोणीं सांगितली नाहीं असें नाहीं. प्राध्यापक चंदुलाल वकील यांनीं १९४३ मध्यें रुपयाच्या घसरगुंडीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. त्याच वर्षीं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतून धनंजयराव गाडगीळ आणि सोवनी यांचा युद्ध व हिंदी आर्थिक धोरण या विषयावरील ग्रंथ बाहेर पडला. भाव, वांटप आणि कर या तिहींचें एकत्र नियमन केल्याखेरीज युद्धाचा भार न्यायानें वांटतां येणार नाहीं, हें गाडगिळांच्या त्या काळच्या प्रतिपादनाचें सूत्र होतें. हें सूत्र पुण्यांत मांडलें गेलें. पण त्याचा अर्थ समजून घ्यावयाचा तर खानदेशांतल्या सालदाराकडे पाहावें. सालदार म्हणजे वर्षाच्या करारानें बांधलेला गडी. आखाजीस त्याचें साल ठरतें. एकदां ठरलेली रक्कम वर्षभर हलत नाहीं, भाव मात्र महिन्यागणिक हलतो. उचल आधींच घेऊन पोटांत गेलेली असते, तेव्हां मध्येंच सोडून जाण्याची सोयही नसते. ज्याला मोबदला धान्यांत मिळे तो निदान भाकरीपुरता तगला. ज्याचा मोबदला पैशांत ठरला होता त्याची भाकर वर्षाच्या मध्यांतच लहान झाली. आणि डोंगरांतला पावरा? तो चारोळी, मोहाचीं फुलें आणि डिंक घेऊन बाजाराला उतरतो, आणि मीठ, मिरची, कापड घेऊन वर चढतो. उतरतांना काय भाव मिळावयाचा तें व्यापारी सांगतो. चढतांना काय भाव द्यावयाचा तेंही व्यापारीच सांगतो. १,७३३ कोटींच्या त्या शिलकेंत या दोघांच्या पोटाला बसलेला चिमटा जमा होता. लंडनच्या वहींत मात्र त्यांचें खातें नव्हतें.

युद्ध चालू असतांनाच पुनर्घटनेच्या योजनांचा हंगाम सुरू झाला. १९४४ च्या जानेवारींत पुरुषोत्तमदास ठाकूरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, जॉन मथाई इत्यादि आठ गृहस्थांनीं 'मुंबई योजना' प्रसिद्ध केली. पंधरा वर्षांत १०,००० कोटी रुपये खर्चून दरडोई उत्पन्न दुप्पट करावयाचें, असा तिचा संकल्प. त्यांतले ४४८० कोटी उद्योगधंद्यांस आणि १२४० कोटी शेतीस. रॉयवाद्यांनीं त्याच सालीं दहा वर्षांची १५,००० कोटींची 'जनता योजना' मांडली; तिच्या कर्त्यांत विठ्ठल महादेव तारकुंडे हे होते, आणि शेती व नित्याच्या गरजेच्या वस्तु यांस तिनें पहिला मान दिला. वर्ध्याहून श्रीमन्नारायण अग्रवाल यांनीं ३५०० कोटींची 'गांधीवादी योजना' पुढें केली. तिचा सारा भर खेड्यावर आणि ग्रामोद्योगावर होता. या तिहींच्या तुलनेवर आजवर ढीगभर लिहिलें गेलें आहे. आम्हांस मुंबई योजनेंतला एकच आंकडा पुढें ठेवावयाचा आहे. दहा हजार कोटींपैकीं ३४०० कोटी रुपये 'निर्माण केलेल्या पैशा'तून, म्हणजे नोटा छापून, उभे करावयाचे होते. असें केल्यानें निरनिराळ्या वर्गांवर विषम भार पडेल, आणि तो टाळावयाचा तर सरकारला आर्थिक जीवनाच्या बहुतेक अंगांवर कडक नियंत्रण ठेवावें लागेल, हेंही त्या गृहस्थांनीं स्वच्छ लिहून ठेवलें होतें. बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या आमच्या मित्रांनीं हें अवश्य लक्षांत ठेवावें: नियंत्रणाची मागणी प्रथम केली ती समाजवाद्यांनींच नव्हे, उद्योगपतींनींही केली होती, आणि केली ती आपल्याच योजनेच्या विषाला उतारा म्हणून.

योजनांविषयीं आणखी एक गोष्ट सांगून पुढें जाऊं. शेतमजुराचें उत्पन्न, कर्ज आणि रोजगार यांची पहिली देशव्यापी पाहणी झाली ती १९५०-५१ मध्यें. म्हणजे ज्याच्या नांवानें राष्ट्राचें उत्पन्न दुप्पट व्हावयाचें होतें, त्याला किती मिळतें हें योजना निघाल्यावर सहा वर्षांनीं मोजण्यांत आलें. घर बांधून झाल्यावर पाया खोदण्याचा हा प्रकार होय.

स्वातंत्र्य आलें, आणि पहिल्या तीन-चार महिन्यांतच भार वांटण्याचा प्रश्न निकराला आला. नव्या सरकारपुढें दोन सल्ले होते. गोरवाला अध्यक्ष आणि गाडगीळ सदस्य असलेल्या वस्तुमूल्य मंडळाचा सल्ला असा कीं, टंचाई आहे तोंवर नियंत्रणें उठवूं नयेत. उलट तीं तुटक न ठेवतां एकमेकांशीं जुळवून घ्यावीं. दुसरा सल्ला पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीचा: नियंत्रणाचा पसारा आवरता घ्यावा. नोटा छापण्याच्या योजनेला कडक नियंत्रणाचा उतारा ज्यांनीं सुचविला, त्यांतलेंच एक नांव तीन वर्षांनीं नियंत्रण सैल करण्याच्या बाजूस दिसावें, हें वाचकांनीं पाहून ठेवावें. महात्मा गांधींनीं आपल्या प्रार्थनासभांतून नियंत्रणाविरुद्ध आवाज उठविला होता. त्यांचा हेतु निराळा होता. नियंत्रणामुळें लांचलुचपत माजते आणि शेतकरी व व्यापारी दोघेही खोटें बोलावयास शिकतात, ही त्यांची वेदना खरी होती. पण महात्म्याची वेदना आणि साठेबाजाचा नफा एकाच मागणीच्या आश्रयास उभीं राहिलीं, आणि लाभ दुसऱ्याला झाला. डिसेंबर १९४७ मध्यें धान्य व साखर यांवरील नियंत्रणें उठविण्यास प्रारंभ झाला. घाऊक भावांचा निर्देशांक नोव्हेंबर १९४७ मध्यें ३०२ होता. जुलै १९४८ मध्यें तो ३९० च्या घरांत गेला. आठ महिन्यांत जवळजवळ तीस टक्के! १९४८ च्या उत्तरार्धांत सरकारला पुन्हां नियंत्रणें लादावीं लागलीं. पण मधल्या काळांत ज्यांचे कोठार भरलेलें होतें त्यांनीं तें विकलें, आणि ज्यांचें रिकामें होतें त्यांनीं ते भाव दिले.

येथें कोणी म्हणेल कीं नियंत्रणानें तरी काय दिवे लावले होते? काळा बाजार नियंत्रणाचाच ना? आम्ही हें नाकारीत नाहीं. रेशनच्या धान्यांतले खडे, रॉकेलसाठीं लागलेल्या रांगा आणि दुकानदाराची मुजोरी यांच्या आठवणी आमच्या वडीलधाऱ्यांनीं आम्हांस पुष्कळ सांगितल्या आहेत. परंतु छप्पर गळतें म्हणून भर पावसांत तें काढून टाकावें, असा युक्तिवाद कोणी शहाणा गृहस्थ आपल्या घरापुरता करणार नाहीं. ज्या इंग्लंडनें युद्धकाळांतही पावावर रेशन लावलें नव्हतें, त्यानें तें शांतता झाल्यावर, १९४६ मध्यें, लावलें. आणि तेथलें रेशनिंग पूर्णपणें संपलें तें १९५४ मध्यें. इंग्रज लोक कांहीं स्वभावतः रांगेचे शोकी नव्हते. टंचाईच्या काळीं भाकरीची वांटणी पैशाच्या थैलीवर सोडावयाची नाहीं, एवढें त्यांनीं ठरविलें होतें.

आणि जर्मनी? खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांचा हा हुकमाचा पत्ता आहे. आमच्याकडे नियंत्रणें उठलीं आणि पुन्हां बसलीं त्याच १९४८ सालीं, जूनमध्यें, एऱ्हार्ड यांनीं पश्चिम जर्मनींत पुष्कळशा वस्तूंवरील भावनियंत्रण काढून टाकलें, आणि दुकानें रातोरात भरलीं, ही गोष्ट खरी. पण ही गोष्ट अर्धी सांगण्यांत येते. नियंत्रण काढण्याच्या त्याच सुमारास तेथें नवा मार्क आणण्यांत आला आणि बँकांत सांठलेल्या जुन्या पैशाचें मूल्य दहाव्या हिश्शाहूनही खालीं उतरविण्यांत आलें. म्हणजे फुगलेलें चलन आधीं कापलें गेलें. घरभाडें आणि मुख्य अन्नपदार्थ यांवरील नियंत्रण त्या दिवशीं उठलें नाहीं. एवढें करूनही भाव चढले तेव्हां १२ नोव्हेंबर १९४८ रोजीं तेथील कामगारांनीं मोठा हरताळ पाडला. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे १९५२ मध्यें त्या देशानें भार-समानीकरणाचा कायदा केला. युद्धांत ज्यांची मालमत्ता शाबूत राहिली त्यांनीं तिच्या १९४८ च्या किंमतीच्या निम्म्याइतकी रक्कम तीस वर्षांच्या हप्त्यांनीं भरावी, आणि ज्यांचें घरदार गेलें त्यांस ती भरपाई म्हणून मिळावी, असा तो कायदा. एऱ्हार्डची आरती ओंवाळणाऱ्यांनीं या कायद्याचें नांव कधीं काढल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आमच्याकडे याच्या जोडीला ठेवतां येईल असें काय घडलें? युद्धांतल्या जादा नफ्यावरील कर १९४६ मध्यें उठला. १९४७ च्या फेब्रुवारींत लियाकत अली खान यांनीं अंदाजपत्रकांत एक लाखावरील धंद्याच्या नफ्यावर पंचवीस टक्के कर सुचविला. त्यावर एवढा गहजब झाला कीं तो दर सोळा रुपये दहा आण्यांच्या आसपास आणावा लागला. त्यांच्या हेतूंत राजकारण होतें असें पुष्कळांनीं म्हटलें, आणि कदाचित् तें असेलही; पण करामागचें तत्त्व त्यामुळें खोटें ठरत नाहीं. त्याच अंदाजपत्रकांतला भांडवली लाभावरील कर १९४९ मध्यें मागें घेण्यांत आला. कर चुकविणाऱ्यांच्या चौकशीसाठीं १९४७ मध्यें जो आयोग नेमला, त्याच्या अधिकारांचें एक मुख्य कलम १९५४ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत घटनाबाह्य ठरलें. तात्पर्य, ज्यानें युद्धांत कमावलें त्याच्याकडे जाणारी प्रत्येक वाट कोठें ना कोठें बंद झाली. भार मात्र उचलावयाचाच होता.

आतां आम्ही वाचकांस एक अप्रिय प्रश्न विचारतों. या महागाईंत आमच्या, म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्गाच्या, घरांचें काय झालें? हाल झाले, यांत शंका नाहीं. परंतु 'महागाई भत्ता' हा शब्द आमच्या घरांत त्याच युद्धानें आणला. सरकारी नोकरांसाठीं पहिला केंद्रीय वेतन आयोग १९४६ मध्यें नेमला गेला आणि १९४७ मध्यें त्याचा अहवालही आला. भाव वाढले तर पगार वाढावा, हें तत्त्व आम्हांस इतकें स्वाभाविक वाटतें कीं तें कोणाला कधीं नाकारलें गेलें असेल हें आमच्या ध्यानांतही येत नाहीं. शेतमजुरासाठीं किमान वेतनाचा कायदा झाला १९४८ मध्यें. शेतीही त्याच्या यादींत होती. पण महाराष्ट्रानें शेतमजुराचा किमान दर साऱ्या राज्याला लागू केला तो १९७४ मध्यें! वेतन आयोगास एक वर्ष पुरलें. सालदाराच्या दरास सव्वीस वर्षें लागलीं. या दोन आंकड्यांत आमच्या साऱ्या पुनर्घटनेचें सार आहे.

बरें, तीं सव्वीस वर्षें तरी आपोआप संपलीं काय? १९७१-७२ मध्यें शहादा-तळोद्याच्या मुलखांत अंबरसिंग महाराजांच्या पुढारीपणाखालीं आणि पुढें श्रमिक संघटनेच्या झेंड्याखालीं भिल्ल मजूर उठले. सालदारीच्या अटी सुधाराव्या, मजुरी वाढावी, आणि सावकारीच्या व फसवणुकीच्या मार्गानें गेलेल्या जमिनी परत मिळाव्या, ह्या त्यांच्या मागण्या. सिमिंग्टनचा अहवाल ज्यांनीं वाचला असेल त्यांस त्यांत नवें असें कांहींच दिसणार नाहीं. तेहतीस वर्षें त्याच पानावर राज्य थांबलें होतें. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रानें केला तो १९७४ चा. १९७२ च्या दुष्काळांत वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून वाढलेल्या रोजगार हमीस कायद्याचें स्वरूप आलें तें १९७७ मध्यें. या दोन्ही कायद्यांचा आम्हांस अभिमान आहे. पण हे कायदे ज्या क्रमानें आले तो क्रम आम्हांस विसरतां येत नाहीं: आधीं भाव सुटले, मग मजूर उपाशी राहिला, मग तो रस्त्यावर आला, आणि त्यानंतर कायदा झाला.

येथवर आम्ही बाजाराच्या पुरस्कर्त्यांशीं बोलत होतों. आतां योजनेच्या पुरस्कर्त्यांकडे वळूं, कारण त्यांचे हातही कोरडे नाहींत. युद्धोत्तर पुनर्घटनेच्याच विचारांतून १९४५ मध्यें जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन यांचा केंद्रीय आयोग निघाला. तेव्हां तें खातें डॉ. आंबेडकरांकडे होतें, आणि पाणी समुद्रांत वायां न जातां अन्न व वीज होऊन माणसाच्या उपयोगी पडावें, या उदात्त हेतूनें तें काम चाललें होतें. त्या आयोगानें पुढील दोन-तीन वर्षांत ज्या खोऱ्यांची पाहणी हातीं घेतली त्यांत नर्मदा होती. १९६१ मध्यें पंडित नेहरूंनीं तेथें कोनशिला बसविली. १९७९ मध्यें लवादाचा निवाडा आला. नर्मदेचें वापरण्याजोगें पाणी २८० लक्ष एकर-फूट धरलें गेलें. त्यांतलें अडीच लक्ष महाराष्ट्राच्या वांट्यास आलें, विजेचा हिस्सा सत्तावीस टक्के, आणि बुडीत म्हणून अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतलीं तेहतीस गांवें. १९९३ मध्यें मणिबेलीच्या अंगणांत पाणी शिरलें. २०१७ मध्यें धरणाचें लोकार्पण झालें. जमिनीच्या बदलीं जमीन द्यावी असें लवादानें म्हटलें होतें, हें आम्ही त्याच्या श्रेयास जमा धरतों. आमच्या इतिहासांत भार उचलणाऱ्याचा हिशेब आधीं मांडण्याचा असा प्रयत्न विरळाच. पण ज्याची पिढीजात शेती जंगलखात्याच्या कागदावर 'अतिक्रमण' म्हणून लिहिली होती, त्याला आपण शेतकरी आहों हें सिद्ध करण्यासाठींच वर्षानुवर्षें झगडावें लागलें. वीज झाली, पाणी झालें, दूरदूरचीं शेतें हिरवीं झालीं. राष्ट्राची बेरीज वाढली, हें खरें. पण वजाबाकी एकाच घरांतून झाली, हेंही तितकेंच खरें.

यावर शेवटचा आक्षेप असा कीं, आधीं संपत्ति निर्माण झाली पाहिजे. वांटावयास कांहीं असेल तरच वांटणार ना? ऐकावयास हें फार शहाणपणाचें वाटतें. पण आम्ही संपत्तीच्या वांटणीविषयीं बोलतच नाहीं. आम्ही ओझ्याच्या वांटणीविषयीं बोलत आहों. संपत्ति नसली तरी ओझें असतेंच, आणि तें पहिल्या दिवसापासून कोणाच्या तरी डोक्यावर असतें. वांटणी मागाहून करूं, असें म्हणणारा मनुष्य प्रत्यक्षांत ओझ्याची वांटणी करूनच मोकळा झालेला असतो. शिवाय, ज्या मजुराची मजुरी भावाच्या मागें पडते तो गिऱ्हाईक म्हणूनही बाजारांतून नाहींसा होतो. मग गिरण्यांचें कापड घेणार कोण आणि शेतकऱ्याचें धान्य खाणार कोण? मजुराला उपाशी ठेवून उभारलेली समृद्धि आपल्याच मुळावर घाव घालते, हें समजावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं.

आणि ही जुनीच कथा आहे असें समजून वाचकांनीं निःश्वास टाकूं नये. आजही पावसाळा सरला कीं या जिल्ह्यांतलीं कुटुंबेंच्या कुटुंबें हातांत कोयता घेऊन दक्षिण गुजराथच्या उसाच्या फडांत जातात. घरीं खाण्यासाठीं घेतलेली उचल फिटेपर्यंत तीं तोडतात, आणि पोरांची शाळा बुडते. साखर राष्ट्राच्या उत्पन्नांत जमा होते. बुडालेली शाळा कोणत्याच खात्यांत खर्चीं पडत नाहीं.

आमची मागणी मोठी नाहीं. यापुढें राष्ट्राच्या उभारणीची कोणतीही योजना पुढें येवो, ती सरकारची असो वा बाजाराची, तिच्यासोबत उत्पन्नाच्या पत्रकाप्रमाणेंच भाराचेंही एक पत्रक असावें. तीत स्पष्ट लिहावें कीं भाव वाढले तर कोणाची मिळकत त्यांच्याबरोबर वाढेल आणि कोणाची वाढणार नाहीं. पाणी चढलें तर कोणाचें घर बुडेल. आणि ज्याचें बुडेल त्याची भरपाई पाणी चढण्यापूर्वीं होईल कीं नंतर. ज्या योजनेला असें पत्रक जोडतां येत नाहीं, ती योजना कितीही कोटींची असली तरी अपुरी समजावी. आणि हें पत्रक मागण्याचें काम मुख्यतः आमच्या वर्गाचें आहे. कारण वाचतां येतें आम्हांस, लिहितां येतें आम्हांस, आणि भावाचा फटका चुकविण्याची विद्याही आम्हीच आधीं शिकलों.

२९ सप्टेंबर २०१० रोजीं याच जिल्ह्यांतल्या टेंभली गांवीं देशांतले पहिले आधार क्रमांक मोठ्या समारंभानें देण्यांत आले. राज्यानें माणसास क्रमांक द्यावयास येथून सुरुवात केली, याचा आम्हांस विषाद नाहीं. पण त्या माणसाच्या डोक्यावर १९४३ पासून कोणाकोणाचें ओझें ठेवण्यांत आलें, तें मोजावयासही राज्यानें याच गांवापासून सुरुवात करावी. तोंवर पुनर्घटना सफळ झाली कीं विफळ, हा बैठकींतला वाद आम्ही अनिर्णित ठेवतों. कारण ज्यानें तिचा खर्च दिला, त्याची साक्ष अजून झालेली नाहीं.